कनेक्टेड गाडी विकताना आणि घेताना: अ‍ॅप, स्क्रीन, किल्ल्या नेमक्या कोणत्या क्रमाने सोडवायच्या

इंदूरला जुन्या गाडीचा सौदा ठरला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: आरसी नावावर कधी होते. फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, नायता मुंडल्याच्या आरटीओत फेऱ्या. एवढं नीट होतं. गाडी कनेक्टेड असेल, म्हणजे इंटरनेटवरून फोनमधल्या अ‍ॅपला जोडलेली, तर राहून जातं ते तिचं दुसरं खातं. ते गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि आरसीवरचं नाव बदललं म्हणून तिथलं नाव आपोआप बदलत नाही.

मग गाडी सुदामानगरहून विजयनगरला जाते, आणि ती रोज रात्री कुठे उभी असते हे जुन्या मालकाला घरबसल्या दिसत राहतं. मॉडेलप्रमाणे दार उघडणं, एसी लावणं, काही गाड्यांत इंजिन चालू करणंसुद्धा त्याच्या फोनवरून होऊ शकतं. आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये स्वतःचंच उदाहरण जाहीरपणे सांगितलं होतं: देऊन टाकलेली जुनी गाडी त्यांच्या अ‍ॅपमध्ये नंतरही जोडलेलीच होती. यात हॅकिंग काहीच नव्हतं. खातं सोडवायचं राहिलं होतं, इतकंच.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. बहुतेकांची गडबड क्रमातच होते. आधी स्क्रीन रीसेट करतात, मग अ‍ॅप उडवतात, आणि ओटीपी मागितला की कळतं की तो नंबर कधीच बंद झाला.

## तयारी: सौद्याच्या आठवडाभर आधी

पहिलं काम, खातं कोणाच्या नंबरवर आहे ते पाहा. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. गाडी वडिलांच्या नावावर असते. शोरूममध्ये डिलिव्हरीच्या दिवशी पेढे, हार, फोटो यांच्या गर्दीत अ‍ॅप चालू करून देणारा सेल्समन विचारतो, ‘अंकलजी, कौनसा नंबर डालूँ?’ आणि पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर पडतो. कधी तर सेल्समन घाईत स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. पुढची चार वर्षं कोणाला काही अडत नाही, कारण अ‍ॅप एकदा उघडलं की उघडंच राहतं.

अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही वाचा. मुलाचा नंबर असेल तर सौद्याच्या दिवशी तो फोनवर सापडेल याची सोय करा. नंबर बंद झाला असेल तर आत्ताच कंपनीच्या कस्टमर केअरला आरसीची प्रत देऊन तो बदलून घ्या. या बदलाला दोन-चार दिवस लागू शकतात. गिऱ्हाईक दारात उभं असताना ते होत नाही.

दुसरं, गाडीला ओळखणाऱ्या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून काढा. कंपनीचं अ‍ॅप, त्यात जोडलेले घरचे लोक, फोनमधली किंवा घड्याळातली डिजिटल किल्ली, गाडीच्या स्क्रीनला जोडलेले फोन, फास्टॅग, डॅशकॅम, नंतर बसवलेला जीपीएस, विमा कंपनीने किंवा कोणी दिलेलं ओबीडीत (स्टीअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचायचं यंत्र, एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवरून कोणाला पाठवलेली आरसी. गाडी इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगचं अ‍ॅप आणि कार्डही यात धरा.

तिसरं, हवं ते आधी उतरवून घ्या. सर्व्हिसची नोंद, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचा अहवाल, डॅशकॅममधलं एखाद्या अपघाताचं चित्रीकरण. खातं एकदा सुटलं की यातलं बरंचसं परत मिळत नाही.

चौथं, अर्धवट अपडेट पूर्ण करा. स्क्रीनवर सॉफ्टवेअर अपडेटची सूचना लटकलेली असेल तर गाडी उभी करून, मधे काही न चालवता ते होऊ द्या. अपडेट चालू असताना फॅक्टरी रीसेट कधीही करू नका. स्क्रीन अडकली तर सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही.

इशारा: विक्रीच्या जाहिरातीत चेसिस नंबर किंवा अ‍ॅप जोडण्याचा क्यूआर कोड दिसेल असा फोटो टाकू नका. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि काही गाड्यांत काचेतूनही वाचता येतो. खातं जोडताना कंपन्या हाच नंबर विचारतात.

## टप्पा १: सर्व्हरवरून खातं सोडवा

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. गाडीत तिचं स्वतःचं सिम असतं आणि सर्व्हरचा निरोप गाडीपर्यंत पोहोचायला त्याला नेटवर्क लागतं. भारतात यंत्रांसाठीच्या या सिमचा नंबर १३ आकडी असतो. हे सिम फोनच्या सिमसारखं काढून खिशात टाकायचं नसतं, त्यामुळे ‘सिम काढलं की झालं’ हा विचार सोडून द्या.

आता अ‍ॅपमध्ये हा क्रम ठेवा:

१. जोडलेल्या घरच्या लोकांना एकेक करून काढा. जावयाला महाबळेश्वरच्या ट्रिपसाठी दिलेला वापर अजून चालू असेल.

२. डिजिटल किल्ल्या रद्द करा.

३. घराचा, ऑफिसचा पत्ता आणि ‘गाडी या भागाबाहेर गेली तर कळव’ असे इशारे पुसा.

४. शेवटी मुख्य मालक म्हणून गाडी खात्यातून काढा किंवा मालकी हस्तांतराचा पर्याय वापरा. ओटीपी येईल. काम झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

मुख्य मालक सगळ्यात शेवटी का? काही अ‍ॅपमध्ये मुख्य खातं गेलं की बाकीचे आपोआप जातात, काहींत जात नाहीत. तुमचं अ‍ॅप कोणत्या जातीचं आहे हे शोधत बसण्यापेक्षा खालून वर येणं सोपं.

इथल्या तीन चुका मी सतत पाहतो.

फोनमधून अ‍ॅप उडवणं ही पहिली. अ‍ॅप गेलं तरी खातं जिवंत असतं. नव्या फोनवर तेच अ‍ॅप टाकून लॉगिन केलं की गाडी पुन्हा हजर.

दुसरी, खरेदीदाराला सरळ आयडी-पासवर्ड लिहून देणं. ‘घ्या, तुम्हीच वापरा, वर्षभराचं सबस्क्रिप्शन बाकी आहे’ असं म्हणून लोक उदारपणे देतात. तो पासवर्ड बहुधा ईमेललाही तोच असतो. शिवाय तुमचा नंबर त्या गाडीला चिकटलेलाच राहतो, आणि उद्या ती गाडी भलत्या प्रकरणात सापडली तर कंपनीच्या नोंदीत वापरकर्ता म्हणून तुमचंच नाव निघणार. सबस्क्रिप्शन वाया जाईल या लोभाने हे करू नका. काही कंपन्यांत ते गाडीसोबत राहतं, नाहीतर थोड्या पैशांसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

तिसरी चूक, ‘दलाल बघून घेईल’. दलालाकडे तुमचा ओटीपी येत नाही, त्यामुळे त्याला इच्छा असली तरी तो काही करू शकत नाही.

पडताळणी: दुसऱ्या एखाद्या फोनवर अ‍ॅप टाकून तुमच्याच खात्याने लॉगिन करा. गाडी यादीत दिसता कामा नये. दिसत असेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: स्क्रीन धुऊन काढा

आता गाडीच्या आत बसा. सेटिंगमध्ये जोडलेल्या फोनांची यादी उघडली की आपण गाडीत कोणाकोणाला बसवलं होतं ते सगळं समोर येतं: ड्रायव्हर, मेकॅनिक, मुलीची मैत्रीण. प्रत्येक फोनसोबत संपर्क आणि कॉलची यादी उतरलेली असू शकते. नकाशात ‘घर’ म्हणून तुमचा पत्ता असतो, वायफायमध्ये घरच्या राउटरचा पासवर्ड. काही गाड्यांत गूगलचं लॉगिनही असतं.

फोन एकेक काढा, गूगल किंवा इतर खात्यातून लॉगआउट व्हा, आणि मग फॅक्टरी रीसेट करा. लॉगआउट न करता रीसेट केलं तर काही स्क्रीन पुढच्या माणसाला जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतात आणि तो बिचारा तुम्हाला फोन करत बसतो.

उलट बाजूही साफ करा. तुमच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमधून ती गाडी काढून टाका.

बॅटरीची तार काढून ठेवली की सगळं पुसलं जातं, असं गॅरेजवाले खात्रीने सांगतात. फार तर घड्याळ बिघडतं. फोनची यादी कायम मेमरीत असते, ती तशीच राहते.

डॅशकॅमचं कार्ड आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह काढायला विसरू नका. त्या पेनड्राइव्हमध्ये गाण्यांशेजारी आधारकार्डाची पीडीएफ हमखास सापडते.

## टप्पा ३: किल्ल्या मोजा

हा टप्पा विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या जास्त कामाचा. नव्या गाडीसोबत सहसा दोन किल्ल्या येतात. विकणारा एकच देत असेल आणि ‘दुसरी कुठेतरी आहे, सापडली की देतो’ म्हणत असेल, तर ती किल्ली जगात कुठेतरी चालू अवस्थेत आहे असं धरून चाला.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन सांगा: हातात आहेत तेवढ्याच किल्ल्या ठेवा, बाकी इमोबिलायझरच्या (नोंदलेल्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीतून काढा. सगळ्या किल्ल्या सोबत न्या. जी तिथे नसेल तीही बाद होऊ शकते. रस्त्यावरच्या डुप्लिकेट किल्लीवाल्याकडून हे काम करून घेऊ नका. तो किल्ली वाढवून देईल, पण आधीच्या किती चालू आहेत हे दाखवणार नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीसाठी आणखी एक काळजी. किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते आणि गाडी अंगणात. एक चोर घराच्या भिंतीजवळ आणि दुसरा गाडीजवळ उभा राहून किल्लीचा सिग्नल यंत्राने पुढे ढकलतात, गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे. किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली तर बऱ्याचदा भागतं, पण गृहीत धरू नका. किल्ली डब्यात टाका, डबा हातात धरून गाडीच्या दाराला हात लावा. दार उघडलं तर डबा बदला.

## टप्पा ४: डॅशबोर्डखाली टॉर्च मारा

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर १६ पिनांचं एक सॉकेट असतं. तेच ओबीडी. मेकॅनिक त्यात स्कॅनर लावतो. त्यात एखादं छोटं यंत्र कायमचं खोचलेलं असेल तर काढा. स्वस्तातली ब्लूटूथ यंत्रं बऱ्याचदा ‘०००० किंवा १२३४’ अशा पिनवर कोणाच्याही फोनला जोडली जातात, आणि ती गाडीच्या आतल्या जाळ्याच्या तोंडाशी बसलेली असतात. मायलेज बघायची हौस असेल तर यंत्र बघण्यापुरतं लावा आणि काढून ठेवा.

मग टॉर्चने वायरिंग पाहा. कारखान्यातली वायर कापडी किंवा एकसारख्या टेपने नीट गुंडाळलेली असते. मधेच चकचकीत काळी टेप, त्यातून निघालेली पातळ लाल-काळी जोडी आणि टोकाला काडेपेटीएवढी डबी दिसली, तर तो नंतर बसवलेला जीपीएस आहे.

इशारा: ही वायर स्वतः तोडू नका. कर्जाच्या गाड्यांत काही वेळा ट्रॅकरसोबत गाडी बंद पाडणारा रिले (छोटा स्विच) इग्निशनच्या किंवा इंधनपंपाच्या तारेत घातलेला असतो. चुकीची तार कापली तर गाडी सुरूच होणार नाही, किंवा बायपासवर चालताचालता बंद पडेल. कर्ज फिटल्याची एनओसी दाखवून ज्याने बसवला त्याच्याकडून, नाहीतर चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून काढून मूळ तार जोडून घ्या. सोबत फॉर्म ३५ ने आरसीवरचा बोजाही उतरवा.

## टप्पा ५: फास्टॅग

विकणाऱ्याने ज्या बँकेचा टॅग आहे तिथे तो बंद करायचा, उरलेले पैसे परत घ्यायचे. नुसता काचेवरून खरवडला तर खातं चालूच राहतं. घेणाऱ्याने आपल्या नावाचा नवा टॅग लावायचा. हे राहिलं की नव्या मालकाच्या धुळे-नाशिकच्या फेऱ्यांचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून कापले जातात, आणि मांगलिया टोलवर नव्या मालकाची गाडी कधी गेली याचे मेसेजही जुन्या मालकालाच येतात.

## टप्पा ६: मधला काळ

डिलिव्हरी आणि नवी आरसी यांच्यामध्ये काही दिवस जातात. बहुतेक कंपन्या नव्या मालकाचं खातं उघडताना त्याच्या नावाची आरसी आणि केवायसी मागतात. म्हणजे त्या दिवसांत गाडी कोणाच्याच अ‍ॅपमध्ये नसते. चोरी झाली तर अ‍ॅपवरून शोधता येणार नाही, आणि आपत्कालीन बटण दाबलं तरी पलीकडे कोणी उचलेल याची खात्री धरू नका. हे माहीत असू द्या, आणि तेवढे दिवस गाडी घरच्या फाटकाच्या आत लावा.

‘तोवर माझ्याच खात्यावर राहू दे’ असा तोडगा विकणारा चांगल्या मनाने सुचवेल. नाही म्हणा.

कायद्याने त्याच राज्यातली विक्री विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायची असते. पुण्याच्या भाच्याला गाडी देत असाल तर फॉर्म २८ ची आरटीओची एनओसी लागेल आणि हा मधला काळ आणखी लांबेल. त्या हिशेबाने ठरवा.

गाडी आरटीओची मान्यता असलेल्या डीलरला देत असाल तर फॉर्म २९सी मुळे, म्हणजे गाडी डीलरकडे दिल्याच्या सूचनेमुळे, कागदोपत्री ताबा त्याच्याकडे जातो. पण गाडी त्याच्या आवारात उभी असताना ट्रायल घेणारा प्रत्येक जण गाणी लावायला आपला फोन जोडतो. डीलरच्या आवारात स्क्रीनला कोण जोडलं गेलं हे तपासायला कोणी नसतं. म्हणून डीलरकडून घेतलेल्या गाडीची स्क्रीन, त्याने ‘साफ करके दी है’ म्हटलं तरी, तुम्ही स्वतः पुन्हा रीसेट करायची.

## टप्पा ७: घेणाऱ्याने पैसे पूर्ण देण्याआधी

माझं मत सरळ आहे: सौद्यातली थोडी रक्कम खातं सुटेपर्यंत हातात ठेवा, आणि हे बयाणा देतानाच बोलून घ्या. पूर्ण पैसे मिळाल्यावर ओटीपीसाठी फोन उचलणारे विक्रेते कमी.

विकणाऱ्याला समोर बसवून टप्पा १ चा स्क्रीनशॉट बघा. मग गाडीच्या चेसिस नंबराने तुमच्या अ‍ॅपमध्ये नोंदणी सुरू करून पाहा. ‘ही गाडी आधीच नोंदलेली आहे’ असा संदेश आला तर खातं सुटलेलं नाही. ‘कागदपत्रं द्या’ असं आलं तर वाट मोकळी आहे.

खातं तुमच्या नावावर झाल्यावर:

१. पासवर्ड नवा ठेवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. गाडीचा पिन जन्मसालाचा नको.

२. आपत्कालीन संपर्क बदला. जुन्या मालकाच्या बायकोचा नंबर तिथे राहिलेला असतो.

३. जोडलेल्या वापरकर्त्यांची यादी बघा, आणि अधूनमधून बघत राहा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कियाच्या वेब यंत्रणेतल्या एका दोषामुळे नुसत्या नंबरप्लेटवरून कोणालाही गुपचूप दुसरा वापरकर्ता म्हणून शिरता येत होतं. कंपनीने तो दोष दूर केला. पण आपल्या गाडीला कोण जोडलेलं आहे हे घरबसल्या कळण्याची जागा ती यादीच.

४. सॉफ्टवेअर अपडेट चालू ठेवा. ‘चालतंय ना, कशाला छेडा’ हा सल्ला जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ठीक होता.

इशारा: अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चालान’ अशा नावाच्या एपीके फायली (फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणाऱ्या) फिरतात. उघडल्या की फोनमधले ओटीपी वाचून बँकेचं खातं रिकामं करतात. नुकतीच गाडी घेतलेला माणूस चालानच्या मेसेजला सहज फसतो, कारण त्याला वाटतं जुन्या मालकाचंच काही राहिलं असेल. चालान परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

## जुना मालक सापडत नसेल तर

गाडी दोन हातांतून फिरून आली की हे होतं. आरसी, खरेदीची पावती आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी विनंती करा आणि तक्रार क्रमांक मागा. एबी रोडवरच्या शोरूमच्या काउंटरवर तोंडी सांगितलेलं हवेत जातं, ईमेल करा. तोवर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये कनेक्टेड सेवा किंवा ठिकाण पाठवणं बंद करण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

दार आपोआप उघडतंय, रात्री एसी लागतोय असं दिसलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरकडून आधी यंत्रातला बिघाड नाही ना हे लेखी घ्या. नसेल, तर सायबर पोलिसांकडे जा. परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या मालकाला फोनवर एवढं शांतपणे सांगितलं तरी बहुतेकदा संध्याकाळपर्यंत ओटीपी येतो.

## आठवड्याने पुन्हा

घेणाऱ्याने वापरकर्त्यांची यादी, स्क्रीनवरचे फोन आणि फास्टॅगचे मेसेज एकदा पाहावेत. विकणाऱ्याने जुन्या खात्याने लॉगिन करून पाहावं. गाडी पुन्हा यादीत दिसली, आणि सर्व्हरला उशिरा निरोप मिळाल्यामुळे तसं कधीकधी होतं, तर टप्पा १ परत करा आणि नव्या मालकाला स्क्रीनशॉट पाठवा.